शाळेतला छळ: तक्रार कशी करावी आणि शाळेने काय करायला हवे

आपल्या मुलाला शाळेत कोणीतरी सतत त्रास देत आहे हे कळल्यावर बहुतेक पालक दोनपैकी एक मार्ग धरतात. काहीजण "लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबेल" असे सांगून विषय मिटवतात. काहीजण दुसऱ्याच दिवशी तावातावाने शाळेत जातात, मोठ्या आवाजात बोलून येतात आणि आठवड्याभरात सगळे पूर्ववत सुरू होते. दोन्ही वेळा मूल एकच गोष्ट शिकते: सांगून काही उपयोग नाही. त्यानंतर ते सांगणे बंद करते.

या लेखात छळ कसा ओळखावा, शाळेकडे तक्रार कशी करावी, तक्रारीनंतर शाळेने काय करणे अपेक्षित आहे आणि शाळेने दाद दिली नाही तर पुढे कुठे जावे, याची माहिती दिली आहे. कायदे आणि अधिकारी यांचा तपशील प्रामुख्याने महाराष्ट्रातील शाळांचा आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही.
• तक्रारीत तारीख, ठिकाण आणि घडलेला प्रसंग लिहा. "माझ्या मुलाला त्रास होतो" एवढे पुरेसे नसते.
• शिक्षेपेक्षा आधी सुरक्षिततेची मागणी करा: उद्यापासून माझे मूल शाळेत सुरक्षित राहावे यासाठी तुम्ही काय करणार?
• तक्रार दिली म्हणजे काम संपले नाही. आढावा घेण्याची तारीख ठरवून या.
• मूल जिवाचे बरेवाईट करण्याबद्दल बोलत असेल तर शाळेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

छळ कशाला म्हणायचे?

मुले भांडतात, कट्टी घेतात, दोन दिवसांनी पुन्हा एकत्र डबा खातात. हा छळ नव्हे. नॉर्वेत या विषयावर अनेक वर्षे काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात:

१. त्रास मुद्दाम दिलेला असतो.
२. तो पुन्हा पुन्हा दिला जातो, किंवा पुन्हा होईल अशी भीती सतत राहते.
३. दोघांच्या ताकदीत फरक असतो. ही ताकद वयाची, शरीराची, संख्येची, पैशाची, जातीची किंवा वर्गातल्या वजनाची असू शकते. त्रास सोसणाऱ्या मुलाला स्वतःचा बचाव करणे कठीण जाते.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. दोन मैत्रिणींनी कट्टी घेतली तर ते भांडण. पण एका मुलीने सगळ्या वर्गाला "हिच्याशी कोणी बोलायचं नाही" असे बजावले आणि महिनाभर कोणी बोललेच नाही, तर तो छळ आहे, जरी कोणी हात लावला नसला तरी.

छळाचे प्रकार साधारण असे असतात:

• शारीरिक: ढकलणे, मारणे, डबा किंवा पैसे हिसकावणे, दप्तर लपवणे, वह्या फाडणे.
• शाब्दिक: रंग, वजन, बोलण्याची ढब, जात, धर्म, आजार किंवा अपंगत्व यांवरून टोपणनाव पाडणे, धमकावणे.
• सामाजिक: वाळीत टाकणे, खेळात न घेणे, अफवा पसरवणे.
• ऑनलाइन: व्हॉट्सअॅप ग्रुपवर टिंगल, फोटोत फेरफार, बनावट खाते. हा छळ शाळा सुटल्यावरही थांबत नाही, रात्री अंथरुणातही तो मुलासोबत असतो.

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरातल्या शाळकरी मुलांपैकी जवळजवळ तिघांत एकाला मागच्या महिन्याभरात किमान एकदा तरी छळ सोसावा लागला होता. म्हणजे हा प्रकार विरळा नाही आणि तुमच्या मुलात काही कमी आहे म्हणून तो घडत नाही. मात्र काही मुले जास्त लक्ष्य होतात: तोतरे बोलणारी, जाड किंवा फार बारीक असलेली, अंगावर कोड असलेली, फिट येणारी, अभ्यासात अक्षमता असलेली, स्वमग्न, वर्गात नव्याने आलेली. तुमच्या मुलाला असा एखादा आजार असेल, तर तपासणीला आल्यावर "शाळेत मुले कशी वागतात?" हा विषय डॉक्टरांसमोर काढा.

मूल सांगत नाही, तेव्हा काय दिसते?

बरीच मुले घरी सांगत नाहीत. त्यांना लाज वाटते, आईबाबा शाळेत जाऊन तमाशा करतील याची भीती वाटते, किंवा "सांगितलंस तर बघ" अशी धमकी मिळालेली असते. त्यामुळे ती आमच्याकडे पोटदुखी किंवा डोकेदुखी घेऊन येतात. छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये अशा तक्रारी इतर मुलांच्या सुमारे दुप्पट आढळतात. हे दुखणे नाटक नसते. तणावाने पोट खरोखर दुखते.

पुढील गोष्टींकडे लक्ष द्या:

• सोमवारी सकाळी किंवा सुट्टीनंतर दुखणे आणि रविवारी, मे महिन्यात एकदम बरे वाटणे.
• डबा तसाच परत येणे, किंवा घरी आल्यावर खूप भूक लागणे (डबा कोणीतरी घेतलेला असू शकतो).
• शाळेत लघवी रोखून धरणे आणि घरी येताच धावत जाणे. शाळेचे स्वच्छतागृह ही छळाची नेहमीची जागा आहे.
• पूर्वी थांबलेले अंथरुण ओले होणे पुन्हा सुरू होणे, दचकून उठणे.
• वस्तू, पैसे वारंवार "हरवणे". अंगावर वळ, ओरखडे आणि त्यांची न पटणारी कारणे.
• स्कूल व्हॅनने जायला नकार, शाळेचा रस्ता बदलणे.
• गुण अचानक घसरणे, मित्रांची नावे बोलण्यातून गायब होणे, फोन वाजला की चेहरा उतरणे.

यातील एखादी गोष्ट दिसली म्हणजे छळच आहे असे नाही. पोटदुखीबरोबर ताप, वजन घटणे, शौचातून रक्त, वारंवार उलट्या किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर शारीरिक आजाराची तपासणी आधी करावी लागते. तपासण्या ठीक असतील आणि दुखण्याचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत असेल, तर शाळेत काय चालले आहे ते शोधायला हवे.

मुलाशी कसे बोलावे?

समोरासमोर बसवून उलटतपासणी घेतली की मुले गप्प होतात. गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, रात्री दिवा मालवल्यावर मुले जास्त बोलतात. "तुला कोणी मारतं का?" याऐवजी "मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस? कोणाबरोबर?" असे विचारा.

मुलाने सांगितले तर आधी पूर्ण ऐका. मग तीन गोष्टी त्याला स्पष्ट शब्दांत कळू द्या: "तू सांगितलंस हे बरं केलंस. यात तुझी चूक नाही. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू."

हे टाळा:

• "तू काहीतरी केलं असशील."
• "मुलासारखा मुलगा तू, रडतोस काय?"
• "एक मारला तर दोन मार." मूल मारू शकत असते तर ते कधीच मारून आले असते. शिवाय उलट मारल्यावर शाळेच्या नोंदीत दोघेही दोषी ठरतात.
• "मी कुणाला सांगणार नाही" असे वचन. त्याऐवजी "कुणाला सांगायचं आणि कसं, हे तुला विचारूनच करीन" असे म्हणा. मात्र जिवाला धोका किंवा लैंगिक प्रकार असेल तर ताबडतोब सांगावेच लागते, हेही त्याला समजावा.

तक्रारीपूर्वी: नोंद ठेवा

एक साधी वही घ्या. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वार, वेळ, ठिकाण (जिना, मैदान, व्हॅन, शिकवणी), काय घडले, कोण होते, कोणी पाहिले आणि कोणाला सांगितले हे लिहा. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असली तरी. तुमचा राग वहीत उतरवू नका. फक्त घडलेले लिहा.

फाटलेली वही, तुटलेली बाटली जपून ठेवा. ऑनलाइन छळात संदेश पुसण्याआधी तारीख आणि नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मात्र मुलाचे नग्न किंवा अश्लील चित्र फिरत असेल, तर ते कोणालाही पुढे पाठवू नका, शाळेलासुद्धा नाही. तसे करणेही गुन्हा ठरू शकतो. थेट पोलिसांकडे जा.

मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि खरे कारण सांगा. "पडला" असे सांगितले की केसपेपरवर तेच लिहिले जाते आणि नंतर ते बदलता येत नाही.

तक्रार कोणाकडे आणि कशी?

पहिली पायरी: वर्गशिक्षक. चिडवणे, वस्तू लपवणे अशा स्वरूपाचा त्रास असेल तर आधी वर्गशिक्षकांना भेटा. शाळा सुटतानाच्या गर्दीत, इतर पालकांसमोर बोलू नका; वेळ मागून घ्या. भेटीनंतर "आज आपले बोलणे झाले, आपण अमुक करणार असे ठरले" असा छोटा संदेश किंवा डायरीत दोन ओळी पाठवा. तोंडी बोलण्याची ती नोंद होते.

दुसरी पायरी: मुख्याध्यापक. आठवडा-दहा दिवसांत फरक पडला नाही, मारहाण किंवा धमकी झाली, किंवा त्रास देणारे शिक्षकच असतील, तर थेट मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या. एका प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कार्यालयाने पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज शाळेच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा.

अर्ज असा लिहिता येईल:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय: इयत्ता सातवी, तुकडी ब मधील माझ्या मुलाला होत असलेल्या छळाबाबत.

महोदय/महोदया,

माझा मुलगा (नाव, हजेरी क्रमांक) यास वर्गातील काही विद्यार्थी गेल्या दीड महिन्यापासून वारंवार त्रास देत आहेत. त्यातील प्रमुख प्रसंग असे:

१. (तारीख) मधल्या सुट्टीत मैदानामागे डबा हिसकावून फेकला.
२. (तारीख) स्वच्छतागृहात बाहेरून कडी लावून कोंडले. हे (नाव) यांनी पाहिले.
३. (तारीख) वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अपमानकारक फोटो टाकला. प्रत सोबत जोडली आहे.

(तारीख) रोजी वर्गशिक्षकांना तोंडी कल्पना दिली होती. त्यानंतरही त्रास सुरू आहे. मुलाची झोप व जेवण कमी झाले असून तो शाळेत यायला घाबरतो.

विनंती अशी:
अ) मुलाच्या सुरक्षिततेसाठी तातडीने करायच्या उपायांची मला लेखी माहिती द्यावी.
ब) प्रकरणाची चौकशी करावी व मुलाशी एकट्याने, विश्वासाने बोलावे.
क) (तारीख) रोजी आढावा घेण्यासाठी मला भेटीची वेळ द्यावी.

आपला विश्वासू,
(नाव, सही, दूरध्वनी, दिनांक)

या अर्जात "त्या मुलाला शाळेतून काढून टाका" ही मागणी नाही, हे लक्षात घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हा कायदा लागू असलेल्या शाळेला जे करताच येत नाही ते मागितले, की चर्चा तिथेच अडते आणि तुमच्या मुलाची सुरक्षा बाजूला राहते. उलट, तुमच्याच मुलाचा दाखला काढून न्या असा दबाव आला, तर हेच कलम तुमच्याही बाजूने आहे.

तक्रारीनंतर शाळेने काय करायला हवे?

चांगली शाळा पुढील गोष्टी करते. तुमच्या शाळेत काय होते आहे ते यावरून पडताळा.

१. त्याच दिवशी सुरक्षा. बाक बदलणे, मधल्या सुट्टीत मैदानावर आणि स्वच्छतागृहाजवळ शिक्षक किंवा सेवक ठेवणे, व्हॅनमध्ये वेगळी जागा, मुलाने कधीही जाऊन सांगावे असा एक ठरलेला शिक्षक. बदल त्रास देणाऱ्याच्या व्यवस्थेत व्हावा. छळ सोसणाऱ्या मुलाचीच तुकडी बदलली तर त्याला ती शिक्षा वाटते. मुलाने स्वतः मागितले तरच तसे करावे.

२. वेगवेगळी चौकशी. तक्रार करणारे मूल, त्रास देणारी मुले आणि पाहणारी मुले यांच्याशी स्वतंत्र बोलणे. "कोणी तक्रार केली" हे वर्गात जाहीर न करणे.

३. त्रास देणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावणे. ही भेट शाळेनेच घ्यावी. तुम्ही स्वतः त्यांच्या घरी किंवा पालकांच्या ग्रुपवर हा विषय काढू नका. प्रकरण दोन कुटुंबांचे भांडण होऊन बसते आणि शाळा अंग काढून घेते.

४. योग्य परिणाम आणि समुपदेशन. त्रास देणाऱ्या मुलाला वागणुकीचा परिणाम भोगावा लागायला हवा, पण तेवढ्याने भागत नाही. अशा मुलांपैकी काहींच्या घरी मारहाण असते, काहींना स्वतःलाच पूर्वी छळ सोसावा लागलेला असतो. नुसत्या शिक्षेने छळ लपून चालू राहतो.

५. पाहणाऱ्या मुलांवर काम. छळ बहुधा प्रेक्षकांसमोर होतो. हसणारे कमी झाले की त्रास देणाऱ्याचा रुबाब उतरतो. फिनलंडमधला किवा हा शालेय कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे. आपल्याकडे परिपाठ, वर्गतासिका यांतून हे काम होऊ शकते.

६. पाठपुरावा. पंधरा दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने मुलाला विचारणे.

शाळेकडून होणाऱ्या दोन चुका मात्र महागात पडतात. पहिली, दोघांना समोरासमोर उभे करून "सॉरी म्हणा, हात मिळवा" असे सांगणे. ही पद्धत बरोबरीच्या भांडणात चालते. छळात ताकद बरोबरीची नसते. घाबरलेले मूल सगळ्यांसमोर "मिटलं" म्हणते आणि शाळा सुटल्यावर किंमत मोजते. दुसरी, परिपाठात नाव घेऊन त्रास देणाऱ्याला अपमानित करणे. त्याचा राग पुन्हा त्याच मुलावर निघतो. शाळा यांपैकी काही करणार असेल तर "कृपया हे करू नका" असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शाळेत कोणती व्यवस्था असायला हवी?

सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या. तिच्यात उपमुख्याध्यापक, ज्येष्ठ शिक्षक, समुपदेशक, शाळेचे डॉक्टर आणि पालकांचा प्रतिनिधी अपेक्षित आहे. तुमची शाळा सीबीएसईची असेल तर या समितीच्या सदस्यांची नावे मागा.

महाराष्ट्रातील शाळांत तक्रार पेटी आणि सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने काढलेल्या शासन निर्णयात यांच्या जोडीला सीसीटीव्ही आणि विद्यार्थी सुरक्षा समिती यांचाही समावेश आहे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत अनुचित प्रकार घडल्यास तो २४ तासांत शिक्षण अधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी शाळेवर टाकली आहे. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून "अमुक तारखेचे चित्रण जपून ठेवावे" ही विनंती पहिल्याच अर्जात लिहा.

शाळा टाळाटाळ करते तेव्हा

"आमच्या शाळेत असे होत नाही." यावर वाद घालू नका. वहीतील तारखा समोर ठेवा आणि विचारा: "मग या दिवशी काय घडले ते आपण तपासून लेखी कळवाल का?"

"मुलेच ती, मस्ती करतात." उत्तर: "मस्तीत दोघेही हसतात. इथे एकच मूल रडते आहे आणि शाळेत येणे टाळते आहे."

"व्हॉट्सअॅपवरचे आमच्या हातात नाही." उत्तर: "मुले एकाच वर्गातली आहेत आणि परिणाम वर्गात दिसतो आहे. वर्गातल्या सुरक्षिततेसाठी आपण काय कराल?"

"तुमचे मूल फारच हळवे आहे." या वेळी डॉक्टरांचे किंवा समुपदेशकांचे पत्र उपयोगी पडते. मुलाची लक्षणे, ती कधीपासून आहेत आणि शाळेत कोणती काळजी घ्यावी हे त्यात लिहिता येते. कोणी छळ केला हे डॉक्टर ठरवत नाहीत. मुलावर झालेला परिणाम मात्र नोंदवतात.

ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर पुढील पायऱ्या अशा:

• शाळा चालवणारी संस्था, तसेच शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ.
• तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक किंवा माध्यमिक). महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. मुंबईत विभागाचे शिक्षण निरीक्षक. सीबीएसई किंवा आयसीएसई शाळा असल्यास संबंधित मंडळालाही प्रत पाठवा.
• महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग. शिक्षण हक्क कायद्याखालील तक्रारी हा आयोग पाहतो.
• चाइल्डलाइन १०९८. हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मूल स्वतःही फोन करू शकते.

प्रत्येक पायरीवर आधीच्या अर्जाची पोच जोडा. पोच नसेल तर वरचे अधिकारी तुम्हाला पुन्हा पहिल्या पायरीवर पाठवतात.

पोलिसांकडे कधी जावे?

लैंगिक प्रकार: खासगी अवयवांना हात लावणे, कपडे काढायला लावणे, अश्लील चित्रे दाखवणे हे प्रकार पोक्सो कायदा, २०१२ खाली येतात. करणारा विद्यार्थी असला तरी कायदा लागू होतो. त्याचे वय १८ पेक्षा कमी असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेने "आपापसात मिटवू" म्हणणे बेकायदेशीर आहे. तक्रार दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टरांवरही कळवण्याचे हेच बंधन आहे.

रॅगिंग: महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९ मधली शैक्षणिक संस्थेची व्याख्या व्यापक आहे, शिक्षण देणारी संस्था, वसतिगृह आणि शिकवणी वर्गही त्यात येतात. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

शिक्षकांकडून छळ: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे.

गंभीर मारहाण, खंडणी, जिवे मारण्याची धमकी, किंवा जातीवरून अपमान झाल्यासही पोलिसांत तक्रार करता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक आहे.

तक्रारीनंतरचे पहिले पंधरा दिवस

हा काळ नाजूक असतो. त्रास देणारी मुले कधीकधी या दिवसांत अधिक चिडतात, किंवा उघड मारणे सोडून वाळीत टाकतात. रोज "आज काही झालं का?" असे विचारत राहू नका, मूल कंटाळते आणि "नाही" म्हणून मोकळे होते. संध्याकाळची एक ठरलेली वेळ ठेवा आणि दिवसाला दहापैकी किती गुण देशील, असे विचारा. आकडे वहीत लिहा. आढावा भेटीत हेच आकडे उपयोगी पडतात.

शक्यतो शाळा बुडू देऊ नका. घरी राहिले की भीती वाढते आणि परत जाणे अवघड होते. मात्र शाळेत जिवाला किंवा शरीराला धोका असेल, तर सुरक्षेची व्यवस्था होईपर्यंत घरी ठेवा आणि कारण शाळेला लेखी कळवा.

वर्गाबाहेर एक जागा शोधा जिथे मूल आवडते आहे: सोसायटीतले मित्र, चित्रकलेचा वर्ग, कबड्डीचा संघ, मामेभावंडे. एक पक्का मित्र असला तरी छळाचा परिणाम सौम्य होतो.

छळ थांबल्यावरही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, जेवण कमी असेल, मूल शाळेच्या विचाराने थरथरत असेल किंवा कशातच रमत नसेल, तर बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत घ्या. या त्रासांवर उपचार आहेत आणि बहुतेक मुलांना औषधांची गरज पडत नाही.

तुमच्याच मुलाविरुद्ध तक्रार आली तर?

शाळेतून फोन आला की "माझा मुलगा असा नाही" हे पहिले वाक्य तोंडात येते. ते मनात ठेवा. आधी ऐका, मग मुलाशी शांतपणे बोला. मारून सुधारणार नाही. मोठा लहानाला मारू शकतो हेच त्यातून पक्के होते. काय केले ते त्याच्या तोंडून ऐका, नुकसान भरून द्यायला लावा आणि शाळेशी संपर्कात राहा. घरी त्याच्यासमोर कोणाच्या रंगावरून, जातीवरून, शरीरावरून थट्टा होते का, हेही पाहा. वेळीच लक्ष दिले तर अशी मुले बदलतात.

ताबडतोब मदत कधी घ्यावी?

मूल "मला जगायचं नाही", "मी नसलो तर बरं होईल" असे म्हणत असेल, तसे लिहीत असेल, स्वतःला कापून घेत असेल किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर ते लक्ष वेधण्यासाठी आहे असे समजू नका. "तुला मरून जावंसं वाटतं का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मुलाला एकटे सोडू नका. घरातली औषधे, कीटकनाशके, धारदार वस्तू कुलपात ठेवा. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या.

• टेली-मानस: १४४१६ (मानसिक आरोग्यासाठी विनामूल्य, २४ तास, मराठीतही)
• चाइल्डलाइन: १०९८
• पोलीस व तातडीची मदत: ११२

डॉक्टरांकडे येताना नोंदींची वही आणि शाळेला दिलेल्या अर्जाची प्रत सोबत आणा. तपासणीच्या वेळी थोडा वेळ मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. जे आईबाबांसमोर सांगता येत नाही ते मुले अनेकदा तेव्हा सांगतात.